न विणलेला धागा

स्वेटर विकत घेताना माझी आत्या तो आधी उलटा करते. दिवाळी सरली की अकोल्यात, अमरावतीत तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानांच्या रांगा लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे आणि तिथल्या बऱ्याच घरांचं वर्षाचं गणित या दोन-तीन महिन्यांच्या विक्रीवर बसतं. माल बहुतेक लुधियानाचा, यंत्रावर विणलेला. अशाच एका दुकानात आत्यानं छातीवर हरणांची ओळ असलेला निळा स्वेटर उचलला, आतली बाजू बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"वरून तं सारेच गोरे. आतून पाय!"

आतून पांढऱ्या धाग्यांचं रान माजलेलं. एका हरणाच्या शिंगापासून दुसऱ्या हरणाच्या शेपटीपर्यंत धागे नुसते लोंबत होते. "लेकराचं बोट अडकलं यात तं काय करशील?" असं म्हणून तिनं स्वेटर होता तसा घडी घालून ठेवला. घेतला नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीनं हातमोजे पाठवले. ती नोकरीला हेलसिंकीत. तिथून बोटीनं दोन-अडीच तासांत एस्टोनियाची राजधानी टालिन गाठता येते, तिथल्या बाजारातून तिनं ते घेतले होते. अमरावतीत लोकरीचे हातमोजे घालायचा प्रसंग येत नाही. डिसेंबरच्या पहाटे स्कूटरवरून चिखलदऱ्याला जायचं झालं तर गोष्ट वेगळी. पण मोजे पाहण्यासारखे होते. पांढऱ्या पायावर तांबडी, हिरवी, पिवळी शंकरपाळी, धागे असे उठून आलेले की सुईनं भरलेत असंच वाटावं. आत्यानं सवयीनं मोजा उलटा केला. आत लोंबणारा एकही धागा नाही. भरतकामात मागे गाठी आणि टाक्यांचं जाळं असतं, तेही नाही. होतं ते इतकंच, की बाहेर जिथे रंग होता तिथे आत पांढरं आणि बाहेर जिथे पांढरं तिथे आत रंगाचा बारीक ठिपका. जणू नक्षीची निगेटिव्ह.

"हे विणलंय का भरलंय?" आत्यानं विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिला उलटं करून पाहूनही उत्तर मिळालं नव्हतं.

उत्तर असं, की हे ना विणलेलं, ना भरलेलं. विणताना मध्ये निजवलेलं आहे. एस्टोनियन भाषेत या कामाला 'रोसितुद' म्हणतात. तो देश लोकसंख्येनं आपल्या अकोला जिल्ह्याहून लहान. २०११च्या जनगणनेत अकोला जिल्हा १८ लाखांवर होता, एस्टोनिया आज साडेतेरा लाखांच्या आसपास. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा. ईशान्य एस्टोनियात योउगा इथल्या एका कबरीत विणलेल्या हातमोज्याचा तुकडा सापडला, तो तेराव्या शतकाच्या शेवटाचा किंवा चौदाव्याच्या आरंभाचा मानतात. लग्नात नवरीनं सासरच्या माणसांना स्वतः विणलेले हातमोजे द्यायचे, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे मुली लहानपणापासून मोजे विणून पेटी भरत. आपल्याकडे आहेराच्या साड्या कपाटात साठतात, तसंच. साठलेल्या मोज्यांवरून सुनेची पारख होत असणार, हे सांगायला एस्टोनियाला जायची गरज नाही. अमेरिकन विणकर-लेखिका नॅन्सी बुश यांनी १९९९ साली एस्टोनियाच्या लोकविणकामावर पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या जगाला कळली. मूळ काम हातमोज्यांवरचं. स्वेटरवर ते अलीकडे चढलं.

मी ते आत्याच्या अर्ध्या बाहीच्या स्वेटरवर चढवायचं ठरवलं. पहिले दोन प्रयत्न उसवले, तेव्हा कुठे त्यातली युक्ती कळली.

आतले धागे येतात कुठून?

आधी साधं विणकाम. विणलेलं कापड म्हणजे एकाच धाग्याचे एकात एक ओवलेले फासे. खालच्या फाशातून नवा फासा ओढायचा, की एक टाका झाला. म्हणूनच स्वेटरचं एक टोक सापडलं की अख्खा स्वेटर भुरभुर उसवतो. मागावरच्या कापडाचं तसं होत नाही, कारण तिथे उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे.

आता या फाशांच्या ओळीत दुसरा रंग आणायचा. नेहमीची पद्धत अशी: दोन्ही रंगांचे धागे हातात धरायचे, निळा टाका हवा तिथे निळा विणायचा, पांढरा हवा तिथे पांढरा. ज्याची पाळी नाही तो धागा मागून पुढे सरकतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथले फेअर आइल स्वेटर याच पद्धतीचे. तिथल्या विणकरणी नक्षी अशी आखतात की दर तीन-चार टाक्यांनी रंग बदलतो. त्यामुळे मागचे धागे आखूड राहतात. पण छातीवर एकच मोठं फूल हवं असेल तर?

हिशेब करून पाहू. १० सेंटिमीटरला २० टाके बसतात असं धरू. छाती ९० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात १८० टाके. फूल १५ टाक्यांचं आणि ३० फेऱ्यांचं. गोल विणताना फुलाचा रंग १५ टाक्यांपुरताच लागतो, पण पुढच्या फेऱ्यात तो पुन्हा त्याच जागी हवा असतो. तेव्हा उरलेल्या १६५ टाक्यांच्या मागून तो पाठ फिरून येतो. दर फेऱ्यात ही रिकामी वारी ८० सेंटिमीटरच्या वर. ३० फेऱ्यांत सुमारे २५ मीटर धागा नुसता प्रवासात जातो, आणि अंगात घालताना त्यात बांगडी अडकते ती वेगळीच.

दुसरी एक पद्धत आहे. प्रत्येक रंगीत भागाला स्वतंत्र गुंडी द्यायची आणि रंग जिथे बदलतो तिथे दोन्ही धाग्यांची एकमेकांत अढी घालायची. येवल्याच्या पैठणीचा विचार करा. पदरावरच्या मोराला हिरवा धागा मोरापुरताच जातो, तिथून वळतो आणि परत येतो. काठातल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. पैठणी आतून-बाहेरून सारखी दिसते ती यामुळेच. पण पैठणीतला मोराचा धागा हाच कापडाचा आडवा धागा असतो. तो काढलात तर मोराच्या जागी भोक पडेल.

पाया वेगळा, नक्षी वेगळी

एस्टोनियाच्या बायकांनी भलतंच केलं. त्यांनी नक्षीच्या धाग्याला विणकामातून सुट्टीच दिली. स्वेटरचा प्रत्येक टाका, अगदी प्रत्येक, पायाच्या धाग्यानंच विणायचा. नक्षीचा धागा कधीच फासा होत नाही. तो टाक्यांच्या समोरून किंवा मागून आडवा जातो, एवढंच. समोरून गेला तिथे रंग दिसतो आणि मागे गेला तिथे दडतो.

गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागणार नाही. धावदोरा असाच जातो: एकदा वर, एकदा खाली. फरक एवढाच की गोधडीत तयार कापडाला सुई टोचतात, आणि इथे कापड तयार होत असतानाच धागा मधे ठेवला जातो. टोचायचं काहीच नसतं. आपल्याकडच्या विणकामात याचं सख्खं नातं शोधायचं तर पैठणीत नव्हे, जामदानीत सापडेल. मलमलीच्या पायात जादा धागा हातानं घालून बुट्टी उठवायची, तो धागा काढला तरी मलमल शाबूत राहते.

नक्षीचा धागा काहीच काम करत नाही, या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं: तो किती लागतो, कुठे आवळतो, कुठे लोंबतो, धुतल्यावर काय होतं.

किती लागतो ते पाहा. फाशांची ओळ धागा खूप खाते. विणलेल्या रुंदीच्या साधारण तिप्पट. जुन्या स्वेटरची एक ओळ उसवून मोजून पाहा, खरं वाटेल. निजवलेला धागा मात्र सरळ पडलेला असतो, म्हणून तो रुंदीइतकाच लागतो. वरच्या १५ टाक्यांच्या फुलाला एका फेऱ्यात साडेसात सेंटिमीटर, ३० फेऱ्यांत सव्वादोन मीटर. गुंडी नको, कांडी नको. लोकरीचे उरलेसुरले तुकडे, जे टाकवतही नाहीत आणि ज्यांचं काही होतही नाही, ते इथे कामी येतात.

घाण्याचा बैल आणि डवऱ्याचा बैल

आता खरी मेख. हातमोजा गोल विणतात, म्हणजे पायाचा धागा घाण्याच्या बैलासारखा एकाच दिशेनं फिरत राहतो, उजवीकडून डावीकडे, फेऱ्यामागून फेरा. नक्षीचा धागा मात्र डवऱ्याच्या बैलासारखा आहे. त्याला तेवढंच वावर नेमून दिलेलं. एका तासानं जायचं, धुऱ्यावर वळायचं आणि पुढच्या तासानं परत यायचं.

पहिल्या फेऱ्यात दोघांची दिशा एकच असते, म्हणून अडत नाही. उजवीकडून सुरुवात करा. नक्षीत चौकोन रंगीत असेल तर नक्षीचा धागा समोर घ्या आणि पायाच्या धाग्यानं टाका विणा. चौकोन कोरा असेल तर नक्षीचा धागा दोन सुयांच्या मधून मागे टाका आणि टाका विणा. नक्षीच्या डाव्या टोकाला पोचलात की नक्षीचा धागा तिथेच सोडा आणि पायाचा धागा घेऊन पुढे जा.

पाठीला वळसा घालून तुम्ही पुन्हा नक्षीच्या उजव्या धुऱ्यावर येता. पाहता तर काय, डवरा डाव्या धुऱ्यावर उभा! माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. मी तो धागा मागून खेचून उजवीकडे आणला आणि विणत सुटले. प्रत्येक फेऱ्याला नक्षीच्या मागे एक आडवा धागा पडत गेला. आत्यानं स्वेटर उलटा केला, अंगठा त्या धाग्यांत घातला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

एस्टोनियातली युक्ती सोपी आहे, पण ती हातानं करून पाहिल्याशिवाय पटत नाही. डाव्या टोकाला थांबलेला धागा समोरच्या बाजूनं सैल आणायचा आणि त्याचं मोकळं शेपूट उजव्या टोकाला मागे टाकायचं. आता नक्षीच्या समोर धाग्याचा एक झोका लोंबू लागतो. त्याचं डावं टोक आधीच्या फेऱ्यात अडकलेलं, उजवं मोकळं. मग नेहमीसारखे टाके विणत जायचं आणि या झोक्यातलाच धागा चौकोनाप्रमाणे समोर-मागे करत न्यायचा. झोका सैल असल्यानं तो हवा तिथे सुयांच्या मधून मागे ढकलता येतो. डाव्या टोकाला पोचलात की उजवीकडचं शेपूट अलगद ओढा. झोका आटत जातो आणि धागा आपल्या तासात जाऊन बसतो. तुम्ही विणलंत उजवीकडून डावीकडे, पण धागा निजला डावीकडून उजवीकडे. तिसऱ्या फेऱ्याला तो उजव्या धुऱ्यावर तयार उभा असतो.

म्हणजे विषम फेऱ्यात सरळ, सम फेऱ्यात झोका. एवढंच लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे बहुतेक जणी गोल विणत नाहीत. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या वेगळ्या, दोन लांब सुयांवर. शेवटी सगळं शिवून जोडायचं. त्यांना झोक्याची गरजच नाही. एक सुई सुलट झाली की काम उलटं फिरवतो, तेव्हा पायाचा धागाही धुऱ्यावर वळतो आणि नक्षीचा धागा तुम्हाला तिथेच भेटतो. दोन्ही बैल एकाच जोतावर. मात्र उलट सुईच्या वेळी कापडाची चांगली बाजू तुमच्या पलीकडे असते. म्हणून रंगीत चौकोनाला धागा आपल्याकडे नाही, पलीकडे टाकायचा. आत्या हे पहिल्याच सुईला चुकली आणि तिचा रंग आतल्या बाजूला उमटला. मी अंगठा घालून दाखवला नाही. मोह झाला होता.

---

चौकट : एक शंकरपाळं

नऊ टाके, सात फेरे. खालून वर वाचायचं. ■ म्हणजे नक्षीचा धागा समोर, · म्हणजे मागे. टाका दोन्ही वेळा पायाच्याच धाग्यानं विणायचा.

७ : · · · · ■ · · · ·
६ : · · · ■ ■ ■ · · ·
५ : · · ■ ■ ■ ■ ■ · ·
४ : · ■ ■ ■ · ■ ■ ■ ·
३ : · · ■ ■ ■ ■ ■ · ·
२ : · · · ■ ■ ■ · · ·
१ : · · · · ■ · · · ·

गोल विणत असाल तर २, ४ आणि ६ या फेऱ्यांत झोका घ्यायचा. साडेचार सेंटिमीटर रुंदीचे सात फेरे, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर धागा; दोन्हीकडे शेपटं धरून दीड हाताचा तुकडा कापून घ्यावा. १८० टाक्यांच्या फेऱ्यात नऊ टाके नक्षी आणि नऊ कोरे असं केलं तर दहा शंकरपाळी बरोबर बसतात.

---

कागदावर हे शंकरपाळं उंच दिसतं, स्वेटरवर आडवं पसरट होतं. विणलेला टाका चौरस नसतो. तो रुंद जास्त आणि उंच कमी. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके मावतात तसे फेरे २८च्या आसपास मावतात. तुम्हाला उभट शंकरपाळं हवं असेल तर प्रत्येक फेरा दोनदा विणा. आणखी एक गोष्ट नक्षीत दिसेल: सलग रंगीत चौकोन पाचाहून जास्त कुठेच नाहीत. चौथ्या फेऱ्यात मधला चौकोन कोरा सोडला आहे तो सुंदर दिसावा म्हणून, आणि धागा अडकू नये म्हणूनही. हरणांच्या स्वेटरमध्ये लांब धागा आत लोंबत होता. इथे तो बाहेर लोंबेल आणि कुलपाच्या कडीत, भाजीच्या पिशवीत, नातवाच्या मुठीत जाईल. एस्टोनियन नक्ष्या चौकोन, शंकरपाळी, अष्टकोनी तारे अशा भूमितीच्या असतात, याचं अर्धं कारण हेच आहे. गुलाबाच्या पाकळीत धाग्याला दर थोड्या टाक्यांनी मागे डुबकी मारायची सोय नसते. निजवलेल्या धाग्याला ती लागते.

नाडी आणि चुण्या

माझा दुसरा प्रयत्न दिसायला पहिल्याहून चांगला झाला, पण अंगात जाईना. सगळ्या शंकरपाळ्यांशी स्वेटरला चुण्या पडल्या होत्या. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओढल्यावर पडतात तशा.

कारण नाडीचंच. विणलेलं कापड ताणलं जातं ते फाशांमुळे. फासा बाकदार असतो, ओढला की आडवा पसरतो. धागा तोच, आकार बदलला. रबर नसूनही स्वेटर रबरासारखा वागतो तो यामुळे. निजवलेल्या धाग्यात फासा नाही, म्हणून त्याच्यापाशी द्यायला काही शिल्लक नाही. तो जेवढा टाकला तेवढाच. त्याला ओढून बसवलं तर भोवतीचे टाके गोळा होतात, आणि ते पुन्हा कधी पसरत नाहीत.

इथे आत्याचा हात कामी आला. आयुष्यभर गोधडीला दोरे घातलेला हात. ती म्हणाली, "ओढायचं नाई बाई, निजवायचं." फेरा झाला की तिनं उजव्या सुईवरचे टाके आधी बोटांनी पूर्ण पसरवले, कापड अंगावर असेल तेवढं ताणलं आणि मग शेपूट ओढलं. धागा ताणलेल्या रुंदीइतका पडला. कापड सोडल्यावर तो किंचित फुगून वर आला आणि भरतकामासारखा उठाव दिसला तो इथे. मी ज्याला सैलपणा समजत होते, तीच नक्षीची शोभा होती.

याच कारणानं ही नक्षी कुठे घालायची तेही ठरतं. छातीवर, पाठीवर, बाहीच्या वरच्या भागात चालेल. कोपरावर नाही, कमरेच्या पट्टीत तर मुळीच नाही. ती पट्टी एक उलट एक सुलट विणतात, ती ताणली जावी म्हणूनच. तिथे नाडी घातली तर डोकं स्वेटरात जाईल आणि खांदे बाहेर राहतील. हातमोज्यात नक्षी बोटांवर न घेता पंज्याच्या पाठीवर घेतात, त्यातही हाच शहाणपणा दिसतो.

लोकर नावाचं प्लास्टिक

दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की गुंडा मिळतो. तो बहुधा मेंढीचा नसतो. ॲक्रिलिक म्हणजे कारखान्यात काढलेला प्लास्टिकचा धागा. नाव लोकरीचं, कूळ निराळं. ओळखायचं असेल तर दोन बोटांएवढा तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर काळा टणक मणी उरतो. कापूस कागदासारखा जळतो.

या फरकाचं निजवलेल्या धाग्याशी थेट नातं आहे. तो धागा कशानं बांधलेला नाही. भोवतीच्या टाक्यांनी धरला तेवढाच. खऱ्या लोकरीच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. शेजारचे केस या खवल्यांनी एकमेकांना धरून ठेवतात आणि दोन-तीन धुण्यांनंतर धागा जागेवर रुजतो. गरम पाणी, साबण आणि घासणं तिन्ही एकदम झालं तर खवले इतके गुंततात की लोकरीचा नमदाच होतो. चुकून गरम पाण्यात धुतलेला स्वेटर नातवाच्या मापाचा होतो तो त्यामुळे. ॲक्रिलिकला खवले नाहीत, ते गुळगुळीत असतं. नक्षी सरकते, एका टोकाला फुगते आणि दुसऱ्या टोकाला आवळते. त्यावर इस्त्री तर करूच नका. मी वाफेची इस्त्री फिरवली आणि उठलेली शंकरपाळी पापडासारखी सपाट झाली, ती पुन्हा उठली नाहीत.

मग कापूस? आम्ही वऱ्हाडचे, हा प्रश्न यायचाच. मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात एकेकाळी इथला कापूस उमरावती, म्हणजे अमरावतीवरून 'ऊमरा' या नावानं विकला जाई. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस अडला आणि याला सोन्याचा भाव आला. पण तो होता आखूड धाग्याचा, आणि कापसाचा धागा आखूड असो की लांब, त्याला लोकरीसारखी लवचीक वळी नसते. कापसाचा स्वेटर स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो. तो ताणला की परत येत नाही. त्यावर नक्षीचा सरळ धागा घातला तर पाया उतरतो आणि नक्षी जागीच राहते. मी सुताच्या पायावर एक वीतभर तुकडा विणून पाहिला. आठवड्यात शंकरपाळ्याखाली पोट सुटलं.

मेंढीची लोकर आपल्याकडे नाही असं नाही. दख्खनी मेंढीच्या जाड, काळ्या-करड्या लोकरीची घोंगडी धनगर पिढ्यान्‌पिढ्या विणत आलेत. पाऊस, वारा, रात्रीचा कळप, सगळ्याला ती पुरून उरते. पण ती गळ्याशी घेऊन पाहा. स्वेटरला बारीक केसाची लोकर लागते, आणि ती अमरावतीत मागवावी लागते. मी मागवली. पाया करड्या लोकरीचा, नक्षीला तांबडी.

वऱ्हाडाला किती स्वेटर लागतो?

ऊब धाग्यात नसते, धाग्यांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. हवा जागची हलली नाही की अंगाची उष्णता बाहेर जात नाही. दोन रंगांच्या फेअर आइल विणीत मागचे धागे म्हणजे अख्ख्या स्वेटरला आतून दुसरं अस्तर. उत्तर समुद्रात होडी घालणाऱ्याला ते हवंच.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. शेकोट्या पेटतात. आणि दुपारी बाराला माणसं स्वेटर काढून कमरेला बांधतात, कारण ऊन २८-२९ अंशांवर गेलेलं असतं. इथे लागतो एकपदरी, पातळ, अर्ध्या बाहीचा स्वेटर, ज्याला नक्षीसाठी दुसरा पदर जोडावा लागणार नाही. सहा तासांच्या दिवसातल्या बायकांनी हातमोज्यासाठी काढलेली युक्ती उन्हाळ्याच्या मुलखात अंगाला इतकी बेतशीर बसावी, याची मला गंमत वाटते. हरणांचा स्वेटर दुपारी नकोसा होतो. शंकरपाळ्यांचा आत्याच्या अंगावर तीन वाजेपर्यंत असतो. अर्थात त्यात तो शेजारणींना दाखवायचा असतो, हाही भाग आहे. खऱ्या लोकरीचा आणखी एक गुण: ती हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत पिते, तरी हाताला ओली लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत पहाटेचं दंव पडलेल्या वावरातून आलं की हे कळतं.

रफू

जानेवारीत संक्रांतीच्या वाणाची पिशवी उचलताना आत्याच्या बांगडीत डावीकडच्या शंकरपाळ्याचा धागा अडकला आणि तुटला. साध्या स्वेटरचा धागा असा तुटता तर एक फासा सुटला असता, त्याच्यामागे दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत भगदाड पडलं असतं. आत्यानं तुटलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. तांबडा धागा साताही फेऱ्यांतून सरसर बाहेर आला. खाली करडा पाया जसाच्या तसा, एक टाका हललेला नाही. नऊ टाक्यांवर तेवढ्या ठिकाणी बारीक वळ उमटले होते, मंगळसूत्र काढल्यावर गळ्यावर उमटतात तसे.

घरात तांबडी लोकर संपली होती. आत्यानं बोथट टोकाची सुई घेतली, डब्यातला पिवळ्या लोकरीचा तुकडा ओवला आणि त्या वळांच्या वाटेनं धागा घातला: समोर, मागे, समोर. पहिल्या तासानं गेली, धुऱ्यावर वळली, दुसऱ्यानं परत आली. मग स्वेटर उलटा करून पाहिला. आता नऊ शंकरपाळी तांबडी आहेत आणि एक पिवळं.